कबुतरांना विचारून घेतलेला दाणा

आमच्या घरात सगळ्यांत चांगलं धान्य कबुतरं खात असत आणि त्याखालच्या प्रतीचं आम्ही.

हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. सुनंदा ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा पेला देता देता, हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या शांतपणे सांगायची. पाहुणा आधी हसायचा. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरायचा. (मी तोवर गच्चीवर पोचलेलो असे.)

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, घर नाशिकरोडला, आणि घराच्या गच्चीवर माझ्या हाताने ठोकलेली कबुतरांची ढाबळ. साधी कबुतरं नव्हेत! शर्यतीची! ती लांब नेऊन सोडायची आणि ज्याचं कबुतर सर्वांत आधी घरी येईल तो जिंकला. खेळ इतका सोपा आहे. फक्त कबुतराने घरी यायचं असतं. त्याला घरी यावंसं वाटावं म्हणून मालकाने जे जे करायचं असतं, त्यातच सगळी गोम आहे, आणि तीच मला समजली नव्हती.

माझ्या ढाबळीत दोन नामांकित पक्षी होते. एक राणी. निळसर, लहानखुरी, तिच्या डोळ्यात डोळे घातले की आपण गेल्या महिन्यात काय चुकलो ते आठवायचं. दुसरा तहसीलदार. हा भारदस्त नर बाराच्या आत जागचा हलत नसे, आणि हललाच तर इतर कबुतरं बाजूला सरकून वाट देत.

आता या मंडळींना खायला काय घालायचं? मका, बाजरी, ज्वारी, हरभरा, मसूर, वाटाणा, थोडी करडई. ऐकायला सोपं वाटतं. पण दाणा पारखणं ही विद्या आहे, आणि ती आपल्याला आली आहे असं माझं ठाम मत होतं. मी दुकानात शिरलो की पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा. पोतं आतून गरम लागलं तर माल दमट. मग मूठभर दाणे हुंगायचे. मग एक दाणा दाढेखाली धरायचा. ‘कट्’ वाजला तर सुका, ‘पच्’ झाला तर नवा. (नव्या दाण्याने कबुतराचं पोट बिघडतं. त्यानंतर गच्ची कोण धुतं, हा वेगळा प्रश्न.) शिवाय चिमूटभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे. सगळ्यांना मोड आले तर दाणा जिवंत. ही परीक्षा मी स्वयंपाकघरात घ्यायचो, आणि एकदा सुनंदाने त्या फडक्यातल्या मालाला फोडणी दिली. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि ‘उसळ झकास झालीय’ म्हणालो. माझ्या पारखीबद्दल तिला पहिली शंका तेव्हा आली.

शंका असो, पण खर्च डोळ्यांवर येत होता. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली,

“अहो, हा कण्यांचा तांदूळ आपला ना?”

“हो.”

“आणि वर गच्चीवर नेला तो अख्खा मसूर?”

“त्यांना ताकद लागते गं. डोंगर ओलांडून यायचं असतं.”

“मग तुम्हालाही देते अख्खा मसूर. तुम्हीही या ना कधी वेळेवर!”

हा टोमणा नुसता नव्हता. माझी ड्यूटी सुटायची, आणि घराच्या वाटेवर एक मिसळवाला लागायचा. झणझणीत तर्री, वर शेव, लिंबाची फोड. सकाळी सुनंदाने दिलेला चार खणांचा डबा दुपारी संपवलेला असला तरी माझी स्कूटर तिथे आपोआप वळायची. घरी पोचायला उशीर, पानावर बसायला नको, आणि शर्टावर तर्रीचा डाग. “मीटिंग होती,” मी सांगायचो. “लाल शाईची?” ती विचारायची.

शेवटी तिने करारच केला. तिला गच्ची हवी होती. नागलीचे पापड करून विकायचा तिचा बेत होता, आणि पापड वाळवायच्या जागेवर माझी कबुतरं काय करून ठेवत ते सभ्य वाचकांना सांगण्यासारखं नाही.

“या मोसमात तुमचं एक तरी कबुतर पहिल्या दहात आलं,” ती म्हणाली, “तर ढाबळ राहील. मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आलं, तर ढाबळ उतरायची. राणीसकट.”

“राणीसकट?”

“राणीसकट.”

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. (मिसळ झाली होती, हे खरं. पण त्याशिवायही गेलं नसतं.)

आता दाणा स्वस्तही हवा होता आणि उत्तमही. कोणीतरी सांगितलं, घोटीला जा. भाताचा बाजार मोठा, बाकी धान्यही नाशिकपेक्षा कमी भावात. स्कूटर काढून गेलो. हमरस्त्याला लागूनच रतनशेठचं दुकान. पुढे ऐसपैस दगडी ओटा, ओट्यावर पोती, पोत्यांवर रतनशेठ. मी नेहमीप्रमाणे हात खुपसला, हुंगलं, चावलं, ‘कट्’ ऐकलं आणि माल घेऊन आलो. घरी पोतं उघडलं तर तळाशी पोरकिड्यांचं संमेलन भरलेलं! तहसीलदाराने एक दाणा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि टाकून दिला.

पुढच्या रविवारी मी रतनशेठसमोर उभा.

“शेठ, हा काय माल दिलात?”

“साहेब, तुमीच तर कोपरापर्यंत हात घातला व्हता! मी म्हनलं, सोनारबी एवढं पारखत नाय.”

“कबुतरं खात नाहीत हो.”

“आता काय कबुतरान्ला इचारून माल देऊ?” रतनशेठ वैतागून म्हणाला. “आना मंग त्यान्ला! बसवा हितं!”

तो रागाने बोलला. मला मात्र तो साक्षात्कार वाटला! ज्यांनी खायचं त्यांनाच विचारावं, हे एवढ्या वर्षांत कोणालाच कसं सुचलं नाही?

पुढच्या रविवारी मी स्कूटरला मागे करंडी बांधली आणि करंडीत निवडक सभासद घेऊन घोटी गाठली. ओट्यावर चार ढीग मांडले: चार पोत्यांतले चार नमुने. करंडीचं झाकण उघडलं. कबुतरं बाहेर आली, माना वळवून बघितलं, पहिला ढीग ओलांडला, दुसरा चिवडला, आणि तिसऱ्यावर तुटून पडली.

“तिसरं पोतं!” मी विजयाने ओरडलो.

रस्त्यावर गर्दी जमली. एक आजोबा म्हणाले, “पोरगी बघाया आल्यावानी बघत्यात!” रतनशेठ आधी खजील होता. पण गर्दीतल्या दोघांनी त्याच तिसऱ्या पोत्यातला माल मागितला तेव्हा त्याचा चेहरा खुलला. “साहेब, दर रविवारी आना यान्ला,” तो म्हणाला. “आपलाच ओटा हाय.”

आणि मी नेऊ लागलो. वर आणखी एक युक्ती सुचली. खाणं झालं की कबुतरांना तिथूनच सोडायचं. घोटीहून नाशिकरोड म्हणजे सरावाला झकास अंतर. एका पेट्रोलमध्ये खरेदीही आणि सरावही! स्वतःच्या हुशारीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी ते आमच्या कबुतर मंडळात जाऊन सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष वामनराव. निवृत्त गृहस्थ, बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. त्यांनी चष्मा पुसला.

“म्हणजे तुम्ही त्यांना बाहेर खाऊ घालता, आणि मग घरी सोडता?”

“अगदी बरोबर!”

“वा,” वामनराव म्हणाले. “वा, वा.” आणि त्यांनी चष्मा पुन्हा पुसला.

(हे कौतुक नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण प्रतिस्पर्ध्याला कोण कशाला शहाणं करील?)

इकडे घोटीत रविवारचा सोहळा रंगत चालला. रतनशेठला पाहुणचाराची हौस. चार ढिगांत पाचवा आला: शेंगदाण्याचा. शेंगदाणे म्हणजे कबुतरांचं श्रीखंड! कबुतरं बाकीच्या ढिगांकडे ढुंकून बघेनात. मग रतनशेठने पाण्याची परात ठेवली. मग उन्हाला म्हणून गोणपाटाची सावली केली. तहसीलदाराची तर तिथली एक ठरलेली जागा झाली. वजनकाट्याच्या पारड्यात! तो बसला की रतनशेठ दुसऱ्या पारड्यात वजनं टाकायचा आणि गर्दीला सांगायचा, “मागच्या आठवड्यापरीस वाढला!” लोक टाळ्या वाजवायचे.

सरावाला सोडलेली कबुतरं मात्र दर आठवड्याला जरा उशिराच घरी यायला लागली. मी म्हणालो, वारा उलटा आहे. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी उशीर. मी म्हणालो, धुकं. एकदा तहसीलदार रविवारी आलाच नाही. सोमवारी दुपारी आला, ढाबळीत शिरला आणि डाव्या कुशीवर पडला.

“काय हो, हा कुठे होता?” सुनंदाने विचारलं.

“वाट चुकला असेल बिचारा.”

तिने त्याचं फुगलेलं पोट बघितलं. मग माझ्या शर्टावरचा तर्रीचा डाग बघितला.

“ज्याचं पोट बाहेर भरतं, तो घरी कशाला धावत येईल?” ती म्हणाली आणि खाली गेली.

मला वाटलं, ती माझ्याबद्दल बोलतेय. म्हणून मी लक्ष दिलं नाही.

शेवटी मोसमातली शेवटची शर्यत उरली. शहापूरच्या पलीकडून पक्षी सोडायचे आणि कसारा घाटाचे डोंगर ओलांडून ते नाशिकला यायचे. आदल्या संध्याकाळी मंडळाने प्रत्येक कबुतराच्या पायात रबरी कडी चढवली आणि पक्षी ट्रकमधून नेले. पक्षी घरी आला की ती कडी काढून सीलबंद घड्याळात टाकायची. घड्याळ दाबलं की वेळ उमटते. कडी हातात येईस्तोवर पक्षी नुसता आकाशात दिसून उपयोग नाही.

रविवारची सकाळ. मी गच्चीवर घड्याळ घेऊन, दाण्याचा डबा घेऊन, आकाशाकडे तोंड करून उभा. गच्चीच्या दुसऱ्या अंगाला सुनंदा जुन्या साड्या अंथरून नागलीचे पापड घालत होती.

“एवढी काय घाई?” मी म्हणालो. “निकाल तर लागू दे.”

“घालून ठेवते. ऊन चांगलं पडलंय.”

पक्षी सुटल्याचा निरोप आला होता. आता कुठल्याही क्षणी... नाही, ती घार होती. आता... नाही, तो पतंग. खाली फोन वाजला. फोन घरात नुकताच आलेला, त्यामुळे तो वाजला की आम्ही सगळे दचकत असू. सुनंदा पिठाच्या हाताने खाली जाऊन आली.

“वामनराव. म्हणाले, त्यांची तीन आली. तुमची किती ते विचारतायत.”

“सांग, येतायत.”

थोड्या वेळाने पुन्हा फोन. आणखी कोणाची दोन आली. पुन्हा फोन. आणखी कोणाचं एक. दहा पुरे व्हायला चारच जागा उरल्या आणि माझ्या आकाशात एक पीसही नाही! घाटात ससाण्याने गाठलं असेल का? राणीला? माझ्या पोटात गोळा आला. (मिसळीचा नव्हे. त्या दिवशी खरोखर उपाशी होतो.)

परत फोन वाजला. या वेळी मीच धावलो.

“साहेब, घोटीहून रतनशेठ बोलतो. आज मागं का ऱ्हायलात?”

“मागे? कुठे मागे?”

“मंडळी कवाच येऊन बसली ना ओट्यावर! म्हनलं, साहेबाची स्कूटर मागून येत आसंल. लय वेळ वाट पायली. पंक्चर झालं का काय?”

मी ओरडलो,

“शेठ! शर्यत आहे आज! त्यांना हाकला!”

“हाकलू? आवो, पाव्हण्यान्ला कोन हाकलतं का? आत्ताशी खायाला बसल्यात.”

“काय खायला?”

“शेंगदाणे. आज खारे नाय, कच्चेच दिलेत.”

“शेठ, पाया पडतो, हाकला हो! राणी आहे का? निळसर, लहान?”

“हाय की. पान्यात पाय सोडून बसलीय.”

माझ्या हातातला फोन सुनंदाने काढून घेतला. पदराला हात पुसले आणि वर्गातल्या बाईंच्या आवाजात म्हणाली,

“रतनशेठ, मी वहिनी बोलतेय. आधी ते दाणे उचला. परात पालथी घाला. मग झाडू घ्या आणि ओटा झाडा. पूर्ण. एक दाणा दिसता कामा नये. झाडता झाडता त्यांच्या अंगावर गेलात तरी चालेल. हो. हो. तो वजनकाट्यावर बसलेला? त्यालाही. उठत नसेल तर राहू दे. बाकीच्यांना काढा.”

तिने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. वर जाऊन पापड घालू लागली.

मी मागोमाग गेलो. हिशेब केला: घोटीहून निघाली तर अजून... शेवटच्या जागेसाठी अजून... आणि खरंच! पश्चिमेकडून एक ठिपका! ठिपक्याची राणी झाली. तिने घराभोवती एक डौलदार घिरटी घातली आणि पाण्याच्या टाकीवर उतरली.

“आली! आली!” मी दाण्याचा डबा खुळखुळवला. “ये, ये, ये!”

एरवी डब्याचा आवाज ऐकला की ती बाणासारखी ढाबळीत शिरायची. आज तिने डब्याकडे बघितलं, मान वळवली आणि पंख साफ करू लागली. तिचं जेवण झालं होतं!

“ये गं बाई! मसूर आहे! अख्खा!”

राणीने एक डोळा मिटला.

कडी तिच्या पायात, घड्याळ माझ्या हातात, आणि मध्ये पाण्याची टाकी. मी कठड्यावर चढलो. तिथून टाकीच्या पाइपवर एक पाय दिला. हात लांबवला. राणी एक पाऊल मागे सरकली. मी आणखी लांबवला. ती आणखी सरकली.

“अहो, पाइप हलतोय,” सुनंदा म्हणाली.

“हलू दे! आलीच हातात...”

पाइप निघाला. मी गच्चीच्या आतल्या बाजूला पडलो, हे माझं नशीब. पण आतल्या बाजूला काय अंथरलं होतं ते आपल्याला माहीत आहेच. नागलीचे ओले पापड अंगाला किती घट्ट चिकटतात हे अनुभवाशिवाय कळत नाही. शर्टाला, पँटला, दाढीला, एक तर बरोबर डाव्या डोळ्यावर! वरून तुटक्या पाइपाची धार. आणि या सगळ्या गोंधळाचं कुतूहल वाटून राणी टाकीवरून उतरली, माझ्या छातीवर येऊन बसली आणि पापडाला टोच मारली.

“हलू नका,” सुनंदा म्हणाली. अलगद वाकली, राणीला दोन्ही हातांनी उचललं, कडी काढली, घड्याळात टाकली आणि घड्याळ दाबलं. मग नळाचा कॉक बंद केला. सगळ्यांत शेवटी मला उठवलं.

पहिल्या दहात येणं तर सोडाच, राणी शेवटून चौथी आली. बाकीची तिच्याही मागून, एकेक करून, ढेकर देत आली.

संध्याकाळी वामनराव घड्याळ न्यायला आले. ते दारात चष्मा पुसत उभे असतानाच समोर एक टेम्पो थांबला. पुढच्या सीटवरून रतनशेठ उतरला. मग त्याने आत वाकून, नव्या नवरीला उतरवावं तसं तहसीलदाराला उतरवलं.

“लय समजावलं, साहेब. उडंचना. म्हनलं, पोचवून येतो.”

तहसीलदाराच्या पायात कडी तशीच होती. वामनरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, टेम्पोकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं.

“याची वेळ कशी धरायची?” त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारलं. “डिझेलवर?”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी पकड घेऊन गच्चीवर गेलो. शब्द म्हणजे शब्द. पहिला खिळा उपटला. दुसरा उपटला. राणी आतून बघत होती. पत्रा हातात आला तेव्हा मागून आवाज आला.

“राहू द्या तो पत्रा.”

“तू म्हणाली होतीस...”

“म्हणाले होते.” सुनंदाने ढाबळीचं दार उघडलं आणि राणीला हातावर घेतलं. काल छातीवर बसली होती तशी ती आता हिच्या हातावर निवांत. “पण हिचं काय चुकलं? खायला मिळालं तिथे थांबली. तुम्हीच शिकवलंत. शिक्षा हिला का?”

मी पकड खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण तिने लगेच आवाज चढवला.

“अर्धी गच्ची पापडांना. मध्ये जाळी. दाणा रतनशेठकडूनच येईल, पण पोत्यातून, घरपोच. आणि तो पारखणार मी. तुम्ही फक्त उचलून वर न्यायचा.”

तसंच झालं. ती ना हात खुपसायची, ना दाणा चावायची. सुपात घेऊन पाखडायची, आणि सूप रतनशेठपुढे धरून नुसती बघायची. दुसऱ्या दिवशी पोतं बदलून यायचं. खर्च उतरला. कबुतरांना भूक लागेल इतकंच आणि घरीच खायला मिळू लागलं. पुढच्या मोसमात राणी सहावी आली. तहसीलदारसुद्धा त्याच दिवशी आला, आणि स्वतःच्या पंखांनी! वामनरावांनी चष्मा न पुसता अभिनंदन केलं. माझं नाही, सुनंदाचं.

ती मात्र एवढ्यावर थांबली नाही. एका सोमवारी सकाळी मी डबा मागितला, तर हातात एकच खण आला. आत एक पोळी आणि भाजी, बोटाने चाखावी एवढी.

“एवढंच?”

“संध्याकाळी गरम गरम जेवायचंय ना घरी?”

ड्यूटी सुटली तेव्हा पोटात कावळे कोकलत होते. (कबुतरं कोकलत नाहीत, नाहीतर तीही असती.) स्कूटर सवयीने मिसळवाल्याकडे वळली. मला लांबून बघताच त्याने कढईवर झाकण टाकलं, बाकांवरच्या प्लेटा उचलल्या, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खाली मान घालून थेट माझ्या पायांच्या दिशेने ओटा झाडायला सुरुवात केली.

“काय रे हे?”

“माफ करा साहेब,” तो झाडता झाडता म्हणाला. “वहिनी येऊन गेल्या.”

तेव्हापासून रोज मी त्या ओट्याभोवती स्कूटरने एक घिरटी घालतो आणि निमूट सरळ घरी येतो. तहसीलदाराला निदान टेम्पो तरी मिळाला होता!